भोम्बोल नावाचा सर्व्हर

या सदरातले गूढ अनुभव मी आजवर जेवताना मोठ्याने वाचून दाखवायचे आणि नवऱ्याबरोबर हसायचे. मी कॉम्प्युटर इंजिनिअर. बिघाड झाला की त्याला कारण असतं आणि ते शोधून काढायचं, एवढंच मला माहीत. त्यामुळे हे लिहिताना भीती नाही वाटत... लाज वाटते. का, ते पुढे कळेलच.

नवरा बँकेत आहे. त्याची कोलकात्याला बदली झाली त्याला तीन वर्षं झाली. आम्ही लेक टाऊनला राहतो आणि मी सॉल्ट लेकला, सेक्टर फाइव्हमधल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत टीम लीड आहे. तिथे नेटवर्क सांभाळायला एकच माणूस होता – श्यामलदा. पन्नाशी उलटलेले, हळू बोलणारे, कॉन्ट्रॅक्टवर.

गेल्या वर्षी दुर्गापूजेच्या सुट्टीनंतर ऑफिस उघडलं आणि सगळ्यांच्या एडिटरमध्ये, म्हणजे आम्ही ज्यात कोड लिहितो त्या प्रोग्रॅममध्ये, एकच एरर. 'लुकअप फेल, होस्ट सापडला नाही.' कॉम्प्युटरला सर्व्हरचं नाव दिलं की तो आधी त्या नावाचा पत्ता शोधतो. इथे पत्ताच मिळत नव्हता. दुपारी क्लायंटला डेमो होता, तो बुडाला.

श्यामलदांनी सगळं तपासलं. म्हणाले, "मॅडम, ब्राउझरमधून सर्व्हर उघडतोय. टर्मिनलमधूनही उघडतोय. फक्त एडिटरमधून नाही. म्हणजे नेटवर्क ठीक आहे. एकदा एडिटरची सेटिंग बघाल का?"

मी बघितली नाही. मॅनेजरला मेल टाकला, अख्ख्या टीमला कॉपी करून – नेटवर्कच्या हलगर्जीपणामुळे डेमो बुडाला.

दुसऱ्या दिवशी कारण सापडलं. सुट्टीआधी एक टेस्ट करताना मीच टीमच्या एडिटरच्या कॉमन सेटिंग फाइलमध्ये एक ओळ टाकली होती, सगळी ये-जा एका मधल्या मशीनमधून व्हावी म्हणून. सुट्टीत ते मशीन बंद झालं. ओळ राहिली. एडिटर बिचारा त्या बंद मशीनला शोधत बसला होता. मी ओळ काढली, सगळं सुरू झालं. टीमला वाटलं श्यामलदांनी दुरुस्त केलं. मी काही बोलले नाही. महिनाअखेरीला त्यांचं कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही... तेव्हाही नाही.

फेब्रुवारीत एका सकाळी, अकराच्या सुमारास, माझ्या एडिटरमध्ये पुन्हा तोच एरर आला. होस्ट सापडला नाही. पण यावेळी नाव होतं – भोम्बोल.

असा आमचा कुठलाच सर्व्हर नाही. सेटिंग फाइल, एक्स्टेन्शन्स, सगळा कोड... हा शब्द कुठेच नव्हता. एडिटर काढून नव्याने टाकला. दुसऱ्या लॅपटॉपवर बसले. तेच! दिवसातून दोन-तीनदा. शेजारच्या मौमिताला दाखवलं तर ती खो-खो हसली. "दीदी, हे तर कुणाचं तरी डाकनाम आहे! घरात हाक मारायचं नाव. कुणीतरी मस्करी केली असणार."

मलाही तसंच वाटलं.

मार्चमध्ये सर्व्हर रूमचं कपाट आवरताना श्यामलदांचा चष्मा आणि स्टीलचा डबा निघाला. ते दमदमला राहतात, माझ्या घरापासून जवळ, म्हणून ॲडमिनवाल्यांनी मलाच विचारलं, नेऊन द्याल का. नाही कोणत्या तोंडाने म्हणणार?

शनिवारी दुपारी गेले. दार त्यांनीच उघडलं. "या मॅडम, या." मला बसवलं, पंखा लावला. तेवढ्यात आतल्या खोलीतून एका म्हाताऱ्या बाईंचा आवाज आला, "ओ भोम्बोल, के एलो रे?"

कोण आलं रे, असं विचारत होत्या. हातातला डबा तसाच धरून मी विचारलं,

"हे... तुमचं नाव?"

"डाकनाम," ते ओशाळून हसले. "बाबा गेल्यापासून एकटी आईच म्हणते. ऑफिसात सांगू नका हं."

"तिथे कुणालाच माहीत नाही?"

"छे! चिडवलं असतं ना सगळ्यांनी."

मग मला राहवेना. ती ओळ, तो मेल, सगळं सांगून टाकलं. नवीन एररचं तेवढं सांगितलं नाही. स्वतःची चूक कबूल करताना असली गोष्ट मध्ये आणणं म्हणजे पळवाट झाली असती.

त्यांनी मी आणलेला चष्मा पुसला. "माहीत होतं मला. त्याच दिवशी ती ओळ पाहिली होती. बदल तुमच्या नावाने नोंदलेला होता."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो की. सेटिंग बघा म्हटलं. तुम्ही सगळ्यांसमोर हसलात."

हसले होते. "आता श्यामलदा आपल्याला एडिटर शिकवणार," असं म्हणून हसले होते. वर हे सगळं लिहिताना मी तेवढंच गाळलं, बघा.

सोमवारी मी त्याच सगळ्यांना मेल पाठवला – चूक माझी होती, श्यामलदांची नव्हती. दोघांनी उत्तरादाखल नुसती अंगठ्याची इमोजी टाकली. मॅनेजर म्हणाले, "जुनं कशाला उकरता?" श्यामलदा परत आले नाहीत. आता एका शाळेत कॉम्प्युटर लॅब सांभाळतात.

मेलनंतर एरर थांबला असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. पण त्यानंतरही दोनदा आला, मग कधीतरी थांबला. नवरा म्हणतो, ते नाव तू कधीतरी ओझरतं ऐकलं असशील. समजा ऐकलं असेल... पण टाइप कुणी केलं? आणि दुसऱ्या लॅपटॉपवर? एररचे लॉग, म्हणजे नोंदी, मी जपून ठेवलेत, कुणाला पाहायचे असतील तर जरूर पाहावेत. मला कारण सापडलेलं नाही.

एवढं मात्र कळतं, की त्या माणसाचं पुढे काय झालं हे चार महिन्यांत आमच्या ऑफिसातल्या एकानेही विचारलं नव्हतं. मीही नाही. त्याला शोधत होता तो फक्त एडिटर.