नंबराची औषधं

गोव्यात तुयेच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या प्रयोगशाळेत दुसऱ्यांचं संशोधन चालतं. परदेशी औषध कंपन्या नमुने पाठवतात, आम्ही तपासून आकडे कळवतो. औषधं त्यांची, आकडेही त्यांचेच. आमच्याकडे साठतात ते किस्से.

* * *

माझे बाबा पाळी गावच्या लोखंडाच्या खाणीत मशीन चालवायचे. मला नोकरी लागली तेव्हा त्यांनी विचारलं, औषध कसल्या आजारावरचं? मी म्हटलं, ठाऊक नाही, बाटलीवर नुसता नंबर असतो. बाबा पेज जेवता जेवता थांबले.

"आम्ही मातीच काढायचो गो, पण ती लोखंडाची हे तरी माहीत होतं."

* * *

बेळगावचा महादेव नमुन्यांचे फ्रीज सांभाळतो. एकदा परदेशी बाई तपासणीला आल्या. वीज गेली तर? जनरेटर आहे. तो बंद पडला तर? दुसरा आहे. तोही पडला तर?

महादेव विचार करून म्हणाला, "मग मी घरी जात नाही, मॅडम."

बाईंनी ते तसंच लिहून घेतलं.

* * *

चवथीला आमचे मुख्य, देसाई सर, यांनी कंपनीला कळवलं की घरी गणपती येतात, पाच दिवस सुट्टी. उत्तर आलं, पाहुणे लवकर जाऊ शकतील का? सरांच्या घरी गणपती दीड दिवसाचा. त्यांनी प्रामाणिकपणे 'हो' कळवलं. पाच दिवसवाले आम्ही सगळे तिसऱ्या दिवशी कामावर!

* * *

हळर्णच्या सुलभाताई आमच्यात सगळ्यात जुन्या. एका कंपनीचं औषध लवकर नासतंय, असं त्यांना दिसलं. कंपनीने परत तपासायला सांगितलं. त्यांनी तीनदा तपासलं, आकडा तोच. मग कंपनीने कळवलं, दोष तुमच्या कामात असेल, आम्ही दुसरीकडे जातो. काम गेलं तर काहींच्या नोकऱ्या जाणार होत्या. सरांनी हळूच विचारलं, आकडा थोडा इकडेतिकडे होईल का?

सुलभाताईंनी चष्मा पुसला. "सर, हे कोणीतरी घेणार आहे."

सरांनी अहवाल तसाच पाठवला. काम दुसऱ्या राज्यातल्या एका मोठ्या प्रयोगशाळेकडे गेलं, आमच्यातले दोघे घरी बसले.

पुढे त्याच मोठ्या प्रयोगशाळेकडून एक पेटी आली. त्यांच्याकडे काम फार झालं होतं, म्हणून थोडं आमच्याकडे वळवलेलं. बाटल्यांवर नंबर नवाच. सुलभाताईंनी नमुना मशीनला लावला. पडद्यावर आलेख उमटला, हुबेहूब त्या नासणाऱ्या औषधाचा, तशी त्यांनी मला हाक मारली.

"बघ गो, आपलाच तो. परत आला."

आणि वहीत तोच आकडा लिहून त्यांनी खाली सही केली.