चढाला गप्प, उताराला रडते

शौकतमामूंना कुणी काहीही विचारलं, तरी आधी एकच उत्तर यायचं, "थकलो बे." सकाळी शटर वर करतानाही तेच. मामी म्हणायच्या, "निकाहच्या दिवशी 'कबूल'च्या आधी हे 'थकलो'च म्हणले असतील." आणि एवढा थकलेला हा माणूस एकदा ट्रॅक्टरखाली शिरला, की त्याच्यासाठी मागवलेला चहा गार होऊन त्यावर साय धरायची.

धारूरच्या रस्त्याला मामूंचं गॅरेज होतं. त्याला लागून माझं झेरॉक्सचं दुकान. मामू इंजिनला हात लावायचे नाहीत. गिअरबॉक्स आणि डिफ्रेशन, बस. डिफ्रेशन म्हणजे मागच्या चाकांच्या मधला तो लोखंडी गोळा, पुस्तकात त्याला काय म्हणतात ते पुस्तकवाल्यांना विचारा. कुणी इंजिनची तक्रार आणली की मामू म्हणायचे, "इंजिन म्हंजे पुढारी. आवाज त्याचा, फोटो त्याचा. चाकाला जोर कोन देतं? गिअरबॉक्स. त्याला कुनी विचारतं का?" आणि एखादं गिऱ्हाईक 'होईल ना मामू?' म्हणून मागं लागलं, तर, "अल्ला मालिक हाय. पन नट आपल्यालाच आवळायचा हाय."

मला सगळे नकल्या म्हणतात. लग्नात माईक हातात असला की नवरीच्या मामापासून पिठाच्या गिरणीपर्यंत काहीही मी तोंडानं करतो. एकदा गॅरेजपुढं चहा पिताना मी एका जीपची नक्कल केली. दुसऱ्या गिअरला घर्रर्र, मग कट्ट, मग हुंकार. सगळे हसले. मामू हसले नाहीत. हातातला पाना टाकून माझ्यापाशी आले, डावा कान माझ्या तोंडाला लावला आणि म्हणाले, "पुन्ना कर."

केली.

"कट्ट आधी का घर्र आधी?"

"घर्र आधी."

"बेरिंग गेलं," म्हणाले आणि निघून गेले. जीप खोलली, तर बेरिंगच गेलं होतं.

मग रोजचंच झालं. गाडी आली की मी एक चक्कर मारून यायचो आणि मामूंच्या कानात तो आवाज काढायचो. लोकांना वाटायचं, म्हातारा नकलांचा शौकीन आहे. खरी गोष्ट मला फार दिवसांनी कळली. लांब स्क्रू ड्रायव्हर गिअरबॉक्सला टेकवून, त्याची मूठ कानामागं धरून, डोळे मिटून मामू बसायचे ना, तेव्हा त्यांना काहीसुद्धा ऐकू येत नव्हतं. बारीक आवाज तर कधीचेच गेले होते; तोंड बघून समोरचं बोलणं आणि कानाशी काढलेला आवाज, एवढंच पोचायचं. आयुष्यभर घण आणि छिन्नी कानाशी वाजलेली.

मी एकदा विचारलंच, "मामू, तुमी सारखं थकलो थकलो कावून म्हनता?"

गिअर पुसत म्हणाले, "काम करून न्हाई थकत बे. ऐकू आल्यावानी करून थकतो."

एवढं सांगून वर दम दिला, "भाईर बोललास तर जीभ खोलून ठेवीन." बहिऱ्याकडं गिअरबॉक्स कोण देणार? ते खरंच होतं. आमच्याकडं मिस्त्रीचा हात कुणी बघत नाही, तो कान लावतो कसा, तेच बघतात.

अशात कडा गावचे विक्रमदादा आले. उसाचे बागायतदार, शौक मुंबईचे. टेम्पोवर घालून एक जुनी जपानी गाडी आणली होती. तांबडी, बुटकी, लांब नाकाची, दोनच शिटं. तिची उंची आमच्या कमरेएवढी. बघायला अख्खी गल्ली जमली. एक जण म्हणाला, "हिच्यात बसायचं का ही पायात घालायची?"

विक्रमदादांचं म्हणणं साधं होतं. तिचा चार गिअरचा बॉक्स पार झिजला होता, त्याच्या जागी त्याच कंपनीच्या पुढच्या मॉडेलचा पाच गिअरचा बसवायचा. मागं दोन्ही चाकांना सारखा जोर देणारं नवं डिफ्रेशन टाकायचं. दोन्ही वस्तू त्यांनी मुंबईच्या भंगारातून शोधून आणल्या होत्या. "मामू, घाट चढली पाहिजे. आन् आवाज नको."

मी मनात म्हणलं, आता मामू नाही म्हणतील. मामूंनी गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, "थकलो बे. ठेवून जा."

तो उन्हाळा संपता संपेना. पत्रे तापायचे, लाईट जायची, पंखा थांबला की मामू तसेच पाठीवर पडून वर लोंबणाऱ्या लोखंडाकडं बघत राहायचे. नवा बॉक्स जुन्यापेक्षा लांब निघाला, म्हणून मागं जोर नेणारा शाफ्ट कापून आखूड केला. तो लेथवाल्यानं वाकडा जोडला. परत कापला. बॉक्स ज्यावर टेकतो ती पट्टी नवी करावी लागली. सगळं बसवून गाडी चालू केली, तर सकाळच्या वेळी दुसरा गिअर पडेना. मामूंनी बॉक्स उतरवला, खोलला, सगळं बघितलं, लावला. तरी पडेना. पुन्हा उतरवला. संध्याकाळी त्यांच्या हाताला पाना धरवत नव्हता.

"मामू, द्या परत," मी म्हणलं. "म्हनावं, जमत न्हाई."

"क्या बे, जमत न्हाई कसं? मला कळत न्हाई, ह्यो वेगळा मामला हाय."

दुसऱ्या दिवशी बोटाला लागलेलं ऑइल दोन बोटांत ताणून बघत बसले आणि एकदम हसायला लागले. इतके, की मामी आतनं आल्या. झालं होतं असं, की मामूंनी हयातभर जे भरलं तेच ऑइल या गाडीत भरलं होतं, ट्रॅक्टरचं, दाट. "काकवी भरली बे मी हिच्यात! नाजूक पोरगी, अन् काकवीत पळ म्हनतो तिला!" पातळ ऑइल मागवलं. बॉक्समध्ये आणि डिफ्रेशनमध्ये, दोन्हीकडं बदललं. दुसरा गिअर लोण्यासारखा पडला.

विक्रमदादा गाडी न्यायला आले, ते फेटा बांधून. कुठल्याशा सत्काराहून थेट. घाटात चाचणी घ्यायची ठरली. अडचण एवढीच, की शिटं दोन. एकावर विक्रमदादा, दुसऱ्यावर मामू. मामूंचे कान, म्हणजे मी, मोटारसायकलवर. मी पुढं जाऊन घाटाच्या एका वळणावर थांबलो.

गाडी चढून गेली, काय सांगू, नुसती वाऱ्याची झुळूक. जाताना मामूंनी मला हातसुद्धा केला. मग वरून वळून उतारावर आली. ॲक्सिलेटर सुटलेला. आणि मागून एक बारीक आवाज आला. ऊंऽऽऽ. लांबच्या खोलीत एखादं लेकरू रडावं तसा. विक्रमदादांना तो आवाज म्हणून कळलाच नसावा. दाट ऑइलखाली तो इतके दिवस दबून होता.

गाडी थांबली. "एक नंबर मामू! नेऊ का आता?" विक्रमदादा फेटा सावरत म्हणाले.

मामूंनी माझं तोंड बघितलं. "जरा थांब," म्हणून मला कठड्यापाशी घेऊन गेले. "बोल."

मी त्यांच्या कानात ऊंऽऽऽ केलं.

"चढाला?"

"चढाला गप्प. उताराला रडते."

मामू कठड्यावर बसले. "पिनियनचं दातेरी चाक केसभर आत बसलं. पुन्ना खोलायचं."

त्यांचा चेहरा बघवत नव्हता. मी त्यांच्या कानाशी म्हणलं, "मामू, डिफ्रेशनमध्ये काकवी भरू. आवाज दबतो. दादांना काय कळतंय?"

"कळत न्हाई," मामू म्हणाले. मग उठले, गुडघे धरून गाडीपर्यंत गेले आणि मोठ्यानं म्हणाले, "दादा, गाडी न्यायची न्हाई. डिफ्रेशन रडतंय. ह्या पोराला ऐकू आलं. मला येत न्हाई. मी बहिरा हाय."

विक्रमदादा हसले. मी शेजारी असलो की सगळ्यांना मस्करीच वाटते. मग त्यांचं हसू गेलं. "मग माझी गाडी बांधली कुनी?"

"हात माझे. कान ह्याचे."

विक्रमदादा गाडीत बसले आणि निघून गेले. मी मामूंना मोटारसायकलवर मागं बसवून आणलं. आयुष्यात इतका जड माणूस मी मागं बसवला नाही.

गावात बातमी आमच्या आधी पोचली. दारात उभे असलेले दोन ट्रॅक्टर त्याच आठवड्यात मालकांनी नेले. एक जण तर खोललेला बॉक्स पोत्यात भरून घेऊन गेला. मामू स्टुलावर बसून बघत होते. येणाऱ्याला आता मोकळं सांगायचे, "जोरात बोल, बहिरा हाय मी." माणसं जोरात बोलायची आणि काम दुसरीकडं द्यायची.

आणि एका दुपारी ती तांबडी गाडी दारात येऊन उभी. विक्रमदादा उतरले, अंगात बनियन, डोळे तांबारलेले. "काय केलं ओ मामू तुमी! सांगितलं नसतं, तर मला काय बी कळलं नसतं. आता दुसरं कायच ऐकू येत न्हाई! खोला ही."

मामूंनी खोललं. पिनियनमागची चकती बदलली, परत जुळवलं, दातांना निळा रंग लावून कुठं घासतंय ते बघितलं, परत काढलं. मी रोज दुकान बंद करून तिथंच बसायचो. तेही कुणापासून लपवायची गरज उरली नव्हती.

चाचणीला विक्रमदादांनी किल्ली मामूंच्या हातात दिली आणि मला म्हणाले, "तू बस. मी खाली थांबतो."

चढ झाला. वर वळण घेऊन मामूंनी गाडी उताराला लावली आणि पाय काढला. ते रस्त्याकडं बघेनात. माझ्या तोंडाकडं बघत होते.

"मामू, म्होरं बघा! दरी हाय!"

"काय म्हनती?"

"काय न्हाई."

"काय न्हाई म्हंजे?"

मी ओरडलो, "काय न्हाई म्हंजे काय न्हाई, मामू! वारा हाय नुसता!"

त्यांचा विश्वास बसेना. स्टेअरिंग एका हातानं धरून दुसरा, ऑइलानं माखलेला हात त्यांनी माझ्या गळ्यावर ठेवला, मी आवाज काढतोय आणि त्यांनाच ऐकू येत नाही की काय ते बघायला. मी ओठ घट्ट मिटून बसलो. खालचं वळण येईपर्यंत त्यांनी हात काढला नाही.

त्यानंतर गॅरेजला काम आलं नाही, आणि पुढच्या थंडीत मामू गेले. नक्कल मी आजही सगळ्यांची करतो. लोक म्हणतात, नकल्या, ती तांबडी गाडी कर ना. मी तोंड मिटून नुसता उभा राहतो. त्यांना वाटतं, मी विसरलो.