मिरचीवर घातलेला आळ

केसरजिजीला डॉक्टरने फसवलं. पाच वर्षं दम्याचा पंप हातात देऊन फसवलं, आणि तिला कामावरून उठवून घरी बसवायला मी त्याला मदत केली. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं कौतुक वाचताना कुणाला वाटायला नको की गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलायचं म्हणून बोलते आहे. मला तशी सवय नाही.

जिजीला जाऊन आता पाच आठवडे झाले. तिच्या सुनेचा, रेखाचा फोन सकाळी आला तेव्हा मी ओल्या मिरचीच्या ट्रॉलीपाशी एका शेतकऱ्याशी वाद घालत होते. "मावशी, जिजी गयी..." एवढंच ती बोलली. मी फोन पिशवीत टाकला आणि त्या शेतकऱ्याला त्याने मागितला तो भाव देऊन टाकला. तो बिचारा घाबरून माझ्याकडे बघतच राहिला. नंदुरबारच्या बाजारात मला असं करताना कुणी पाहिलेलं नाही.

मी या धंद्यात आले ती मिरचीचे देठ खुडायला. नवरा वारला होता, पदरात दोन मुली होत्या. शहराबाहेरच्या मोकळ्या जमिनीवर लाल मिरची वाळत घालतात, तिला आम्ही पथारी म्हणतो. तिथे साठ-सत्तर बायकांची मुकादम म्हणजे केसरजिजी. तेव्हाही ती अंगाने चांगली भरलेली होती, पण पथारीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दिवसातून वीस फेऱ्या मारायची. मिरचीचा ढीग मुठीत घेऊन नुसत्या आवाजावरून सांगायची, अजून दोन उन्हं लागतील. पहिल्या दिवशी माझी बोटं इतकी जळत होती की मी रडत होते. तिने गोडेतेलाची वाटी पुढे केली आणि म्हणाली, "रडी ले पोरी, पन हात डोयाले लावू नको." तिचं प्रेम असंच असायचं, आधी उपयोगाचं.

भाव करायला मला तिने शिकवलं. हंगामाच्या सुरुवातीला व्यापारी मजुरी ठरवायला यायचे. जिजी आपला आकडा सांगायची, पदर डोक्यावरून पुढे ओढायची आणि डोळे मिटून गप्प बसायची. व्यापारी बोलायचा, हसायचा, दुष्काळाच्या गोष्टी सांगायचा, उठून जायचं नाटक करायचा... जिजीच्या पापण्या हलायच्या नाहीत. शेवटी तो स्वतःच वर चढायचा. नंतर ती मला म्हणायची, "जी आधी बोलनी, ती हारनी." या एका वाक्यावर मी पुढे स्वतःची पथारी उभी केली. मी व्यापारी झाले, आणि दर हंगामात जिजी माझ्यासमोर बायकांच्या बाजूने बसायला लागली. "या शेठानी," म्हणायची, "आज किती रडशात?" बायका खिदळायच्या आणि मी चिडायचे. माझा राग तिला फार आवडायचा.

मग तिला दम लागायला लागला. पथारीच्या मध्यावर थांबायची, कमरेवर हात ठेवायची आणि कुणी बघतंय म्हटल्यावर एखादीला उगीच ओरडायची. गावातल्या डॉक्टरने पाच मिनिटांत निकाल दिला, मिरचीच्या धुळीने दमा झालाय, पंप ओढा आणि हे काम सोडा. आमच्याकडे हे कुणालाही लगेच पटतं. मिरचीवाल्या बाईला खोकला आला तरी मिरची, डोकं दुखलं तरी मिरची. मलाही पटलं. जिजी ऐकेना, तर मी भांडले, "मरायचंय का तुला या धुळीत?" शेवटी ती घरी बसली. चालणं संपलं. वजन वाढत गेलं, पाय सुजले, खाटेवरून उठताना धाप लागायला लागली. डॉक्टरने पंपाचा डोस वाढवला. घरी येणारी प्रत्येक बाई म्हणायची, "बरं मानवनं वं जिजी तुले, सुखनं बठनं!" आमच्याकडे अंगावर मांस चढलं की सुख आलं असं समजतात.

मागच्या वर्षी मजुरी ठरवायला मात्र ती हट्टाने रिक्षातून आली. खुर्चीवर बसली, आकडा सांगितला आणि डोळे मिटले. मला वाटलं, आज मी हरणार नाही. मीही गप्प बसले. बराच वेळ गेला. मी थोडी वर चढले. जिजी हलली नाही. आणखी चढले. तरी नाही. शेवटी तिचा पूर्ण आकडा कबूल केला, आणि तेव्हा पदराखालून घोरण्याचा आवाज आला. बायका हसून लोळल्या. "जिजीनं इंजिन चालू व्हयनं!" कुणीतरी ओरडलं. जिजी दचकून जागी झाली आणि म्हणाली, "मी काय झोपेल नही. वाढाव अजून." मी इतकी संतापले की तिच्याशी न बोलता निघून गेले. मला वाटलं, म्हातारीने मला झोपेत सुद्धा गंडवलं... तिचे ओठ जांभळट दिसले होते. मला ते थंडीमुळे वाटलं. एवढी माणसं तिथे होती, आणि आम्ही सगळ्यांनी तिच्या आजाराला डाव समजून दाद दिली.

काही दिवसांनी रेखा सांगत आली, जिजीला आडवं होता येत नाही, गोधड्यांच्या चळतीवर डोकं टेकून बसल्या बसल्या झोपते, सकाळी डोकं ठणकतं, आणि झोपेत मध्येच श्वास थांबतो. मी तिला गाडीत घालून सुरतला फुप्फुसाच्या डॉक्टरकडे नेलं. त्या डॉक्टरीणबाईने आधी काट्यावर उभं केलं, मग विचारलं, झोप कशी लागते? रेखा बोलत राहिली, ती लिहीत राहिली. बोटाला चिमटा लावला, मनगटातून रक्त घेतलं. मग जिजीला समजेल असं सांगितलं. पोट आणि छातीवरच्या चरबीने श्वासाचा पडदा खाली सरकत नाही, फुप्फुसाचा खालचा भाग उघडतच नाही. आडवं झालं की दाब आणखी वाढतो, झोपेत गळा मिटतो, आणि खराब हवा रक्तातच साठते. म्हणून दिवसा गुंगी, पायांना सूज, हृदयावर ताण. म्हणजे रात्रभर छातीवर ओल्या मिरचीचं पोतं घेऊन झोपण्यासारखं, असं मी जिजीला म्हटलं, तर डॉक्टरीण म्हणाली, अगदी तसंच. दम्याची खूण तपासणीत कुठे सापडली नाही.

जिजी म्हणाली, "मंग मिरचीना काय गुन्हा?"

तिचं वजन, तिचे पाय, तिचं हृदय, कशाबद्दल विचारलं नाही तिने. खोट्या आळावरून आपल्याला कामावरून काढलं, हे तिला लागलं होतं.

झोपताना तोंडावर मास्क लावून हवा दाबून देणारं यंत्र आम्ही आणलं. पहिल्या रात्री तिने ते दोनदा ओढून फेकलं. तिसऱ्या सकाळी रेखाला म्हणाली, आज डोकं दुखत नही. त्यानंतर ती ते यंत्र स्वतः पुसून ठेवायची, कुणाला हात लावू द्यायची नाही. भाकरी निम्मी केली, गोड बंद केलं, आणि सकाळी चालायला लागली. आधी दारापर्यंत, मग पाण्याच्या टाकीपर्यंत. एक दिवस सरळ माझ्या पथारीवर येऊन उभी राहिली. घामाघूम झाली होती. दम खाल्ला, मूठभर मिरची उचलून कानाशी हलवली आणि माझ्या मुकादमाला म्हणाली, "कच्ची शे. कोन पोत्यामा भरी ऱ्हायनं रे हाई?" सत्तरीला आलेली बाई, जिला आम्ही सगळ्यांनी खाटेवर निजवलं होतं, ती स्वतःच्या पायांनी कामावर परत आली होती. इतकं धीराचं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

थंडीत छातीत कफ झाला आणि दोन दिवसांत सगळं संपलं. डॉक्टरीण म्हणाली, फुप्फुसांनी साथ दिली असती, पण इतकी वर्षं ओझं ओढून हृदय थकलं होतं. थोडं आधी आणायला हवं होतं...

तेरावं झाल्यावर मी गावातल्या डॉक्टरकडे गेले. तो म्हणाला, "बाई, अशी लठ्ठ माणसं सांगून ऐकतात का?" मी विचारलं, "तुम्ही सांगितलं होतं का?" त्याने पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

त्याच्या रांगेत त्या दिवशी सुशीला बसली होती. माझ्याकडे काम करते, अंगाने जाड आहे, देठ खुडता खुडता पेंगते आणि बाकीच्या तिला हसतात. तिच्या हातात तोच पंप होता. डॉक्टर, येत्या सोमवारी मी सुशीलाला घेऊन तुमच्याकडे येणार आहे. तिला काट्यावर उभं करा आणि झोप कशी लागते ते विचारा. मी माझा गुन्हा इथे चारचौघांत लिहून दिला आहे. आता तुम्ही सांगा, पाच वर्षांत एकदाही हे केसरजिजीला का विचारलं नाही?