आबांनी ओटीपी दिला नाही

आमच्या कंपनीला दोन संचालक आहेत. एक मी, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत बसतो. दुसरे माझे वडील, आबा, गारगोटीजवळ गावाकडं आमच्या गोठ्यात बसतात. (पंचतारांकित ही एमआयडीसी. माझ्या शेडला तारा एकही नाही, पत्रा आहे.)

आबांना संचालक केलं, कारण बँकेला तारण दिलेली जमीन त्यांच्या नावावर आहे. त्या बदल्यात त्यांनी एकच अट घातली होती. कंपनीच्या खात्यातून पैसे काढायचे तर ओटीपी त्यांच्याच फोनवर यायचा. मी हसत हसत हो म्हणालो होतो.

त्या दिवशी दुपारी शाहूपुरीतून आमच्या सीए जोशीसाहेबांचा फोन आला. "दोघांची संचालक केवायसी राहिलीय. आज संध्याकाळी सहापर्यंत नाही झाली तर दोघं निष्क्रिय. मग ना रिटर्न भरता येणार, ना बँक लिमिटचं नूतनीकरण करणार."

लिमिट म्हणजे बँकेचा तो पैसा, ज्यावर आमचा कारखाना चालतो. शनिवारी बारा कामगारांचा पगार होता आणि खात्यात चहापुरते पैसे होते. तरी मी ऐटीत सांगितलं, "साहेब, माझं कधीही होईल. म्हाताऱ्यांचंच अवघड असतं. आधी त्यांचं उरकू." जोशीसाहेबांनी आबांच्या फोनवर ओटीपी पाठवला आणि मी आबांना फोन लावला.

"आबा, आत्ता एक ओटीपी आलाय बघा. तेवढा सांगा की."

"न्हाय."

"आला न्हाय?"

"आलाय. सांगत न्हाय."

गेल्याच आठवड्यात गावच्या दूध डेअरीत बँकेच्या मॅनेजरांनी फसवणुकीवर भाषण दिलं होतं. आबा पहिल्या रांगेत बसले होते. भाषणानंतर चहा-बिस्कीट होतं, त्यामुळं विषय त्यांच्या मनावर चांगलाच ठसला होता.

"म्यानेजर म्हणलाय, पोटच्या पोरालाबी द्याचा न्हाय."

"अहो, कंपनी बुडंल!"

"हे बी म्हणलाय. घाबरवत्यात, घाई करत्यात, म्हणून." आणि फोन कट!

मग मी आईला फोन लावला. म्हटलं, हळूच बघून सांग. आई म्हणाली, "बंडीच्या आतल्या खिशात ठेवलाय बाबा. वरनं पिन लावलीया." शेवटी मी गाडी काढली आणि दीड तासात गोठ्यापुढं हजर झालो.

"आबा, मी स्वतः आलोय. आता तरी पटलं का?"

"तू तूच हाईस, ते दिसतंय. पर ओटीपी द्याचा न्हाय म्हणजे न्हाय. म्यानेजरलाच इचारतो."

माझा जीव भांड्यात पडला. आमचं लिमिट याच मॅनेजरांच्या टेबलावर अडलं होतं. ते आबांना नक्की समजावतील. आबांनी फोन स्पीकरवर टाकला. "सायेब, एकजण ओटीपी मागतोय. पोरगा हाय म्हणतोय."

"आजोबा, अजिबात देऊ नका! सगळे असंच म्हणतात!"

"साहेब, मी खरंच मुलगा आहे!" मी ओरडलो.

"बघा, आवाज चढवतोय," मॅनेजर म्हणाले. "पोलिसांत द्या त्याला."

आबांनी माझ्याकडं कौतुकानं पाहिलं. कौतुक मॅनेजरचं होतं.

मग एकच मार्ग उरला. ओटीपी येत नाही म्हटल्यावर ओटीपीवाल्यालाच न्यायचं. आबांनी म्हशींना वैरण टाकली, हातपाय धुतले, पटका बांधला. मी घड्याळ बघत होतो. वाटेत त्यांनी उसाच्या रसासाठी गाडी थांबवली. मी चिडलो तर म्हणाले, "घाई कराय लागलास बघ पुन्ना."

पावणेसहाला आम्ही जोशीसाहेबांच्या ऑफिसात पोचलो. नवा ओटीपी आला. आबांनी आम्हा दोघांना भिंतीकडं तोंड करून उभं केलं आणि एका बोटानं, एकेक आकडा मोठ्यांदा वाचत टाकला! बाहेरच्या शिपायालासुद्धा पाठ झाला असेल. पण झालं काम. आबा सक्रिय झाले.

"आता तुमचा ओटीपी सांगा," जोशीसाहेब मला म्हणाले.

मी फोन काढला. फोन गप्प.

"कुठल्या नंबरवर पाठवला?"

त्यांनी नंबर वाचला. तो माझा जुना नंबर. गेल्या वर्षी धंद्याला बरकत यावी म्हणून एका ज्योतिषाच्या सांगण्यावरून मी तो बंद केला होता आणि पाच वेळा नऊ असलेला नवा नंबर जादा पैसे मोजून घेतला होता. पोर्टलवर तो बदलून घ्यायचं राहूनच गेलं होतं.

"नंबर बदलायला वेगळा फॉर्म लागतो, त्याला डिजिटल सही लागते," जोशीसाहेब म्हणाले. "तुमच्या सहीची मुदत गेल्या महिन्यात संपली."

सहा वाजले. आबांनी खिशाला पुन्हा पिन लावली. "माझा नंबर पयल्यापास्नं एकच हाय," ते म्हणाले. ते आमच्या कंपनीचे एकमेव सक्रिय संचालक होते.

लिमिट आठ दिवस लांबलं. त्या शनिवारचा पगार आबांनी गोठ्यातल्या म्हशींच्या दुधाच्या साठवलेल्या बिलांतून दिला. मला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर त्यांचा अभिमानही वाटला. नव्या सहीनंतर माझ्या राहिलेल्या केवायसीचा दंड भरायची वेळ आली, तेव्हा मी कंपनीच्या खात्यातून पैसे पाठवायला बसलो. 'पाठवा' दाबलं आणि मग आठवलं, ओटीपी कुणाच्या फोनवर गेलाय ते.

मी गावी फोन लावला. "आबा, एक ओटीपी आलाय बघा..."

"कोण बोलतंय?" आबा म्हणाले.