मेयरकाकूंनी माफ केलं नाही

गोऱ्यांच्या या देशात माणूस खांबाला धडकला तरी खांबाला सॉरी म्हणतो. आमच्या मेयरकाकू कुणालाच सॉरी म्हणत नसत. चूक झाली तर "माझं चुकलं" म्हणून ती निस्तरायच्या, पण तो शब्द काही उच्चारायच्या नाहीत. एकदा मी कारण विचारलं. पन्नास वर्षांपूर्वी लग्न होऊन नागपूरहून आल्या, त्या पहिल्याच महिन्यात बसमध्ये एक माणूस त्यांच्या साडीवर थुंकला होता. "आणि घाबरून मीच त्याला सॉरी म्हटलं गं," काकू म्हणाल्या. "थुंकी धुऊन निघाली. तो शब्द अजून तोंडात कडू लागतो."

पुण्याहून वर्क व्हिसावर आले तेव्हा मी त्यांच्या घरात वरची खोली भाड्याने घेतली. दारातली पत्र टाकायची फट आतून फळी ठोकून बंद केलेली होती आणि पत्रांसाठी बाहेर एक निळी बादली ठेवलेली. त्या फटीतून पूर्वी कुणीतरी पेटतं फडकं आत टाकलं होतं. विझवताना काकांचे, म्हणजे त्यांच्या आता हयात नसलेल्या नवऱ्याचे, दोन्ही तळहात भाजले. काका बस चालवायचे. पुढच्याच वर्षी डेपोच्या मागे तिघांनी त्यांना लोखंडी गजाने मारलं, उजवा कान कायमचा गेला. पोलिसांच्या कागदावर 'पाय घसरून पडले' असं लिहिलेलं होतं. बिस्किटांच्या कारखान्यातली पाळी संपली की काकू तो कागद घेऊन कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, पायऱ्यांवर जाऊन बसायच्या. "हिवाळाभर बसले," त्या सांगायच्या. "मग म्हटलं, इथे बाहेर गारठण्यापेक्षा आत जाऊन बसावं." निवडणुकीत दोनदा पडल्या, तिसऱ्यांदा निवडून आल्या.

मेयर झाल्या तेव्हा एकाहत्तर वर्षांच्या होत्या. आमच्याकडे मेयरपद वर्षभराचं आणि शोभेचं. "गळ्यात साखळी, हातात कात्री. दिसली रिबन की काप," हे त्यांचंच वर्णन. फळी मात्र त्यांनी काढली नाही. कौन्सिलची राजमुद्रेची पाकिटंसुद्धा त्या बादलीतच पडायची.

ऑगस्टमधला शनिवार होता. शहराबाहेरच्या एका हॉटेलात निर्वासित कुटुंबं ठेवली होती. फोनवरून त्यांच्याबद्दल कसलीशी खोटी बातमी फिरली आणि दुपारपर्यंत हॉटेलसमोर जमाव जमला. पोलिसांनी काकूंना घरीच थांबायला सांगितलं. काकूंनी सुती साडीवर कार्डिगन चढवलं, पायात ट्रेनर्स घातले आणि गळ्यात मेयरपदाची सोनेरी साखळी अडकवली.

"वृषाली, गाडी काढ."

"काकू, ते येऊ नका म्हणताहेत."

"हे शहर वर्षभरासाठी माझ्या गळ्यात बांधलंय. नुसत्या रिबनी कापायला नाही."

हॉटेलपाशी कचऱ्याचे डबे पेटले होते. जळक्या प्लास्टिकच्या धुरात काचा फुटत होत्या. समोरच्या बसस्टॉपवर, खरेदी करून परतलेली हॉटेलातलीच एक बाई आणि तिची आठ वर्षांची मुलगी जमावात सापडल्या होत्या. कुणीतरी बाईला स्कार्फला धरून खाली पाडलं आणि दोघं तिला लाथा घालायला लागले. काकू थेट आत घुसल्या. एका बाईने त्यांचा अंबाडा धरून मान मागे ओढली, तरी त्यांनी मुलीला पदराखाली घेतलंच. मी गाडीच्या दाराआड थिजून उभी होते. तेव्हा तो दिसला. दहा पावलांवर, हातात अर्धी वीट, तोंडावरचा रुमाल घसरलेला. नेम मुलीवर होता. काकू मध्ये आल्या. ओल्या लाकडावर कुऱ्हाड बसावी तसा आवाज झाला. डाव्या डोळ्यातून रक्त साखळीवर, तिथून मुलीच्या केसांत. काकू पडल्या नाहीत. त्यांनी मुलीच्या आईला हाताला धरून उठवलं, दोघींना पोलिसांच्या ढालींमागे पोचवलं आणि मग गुडघ्यांवर बसल्या.

डोळा काढावा लागला. हॉस्पिटलमध्ये पोलिसांनी मला विचारलं. मी म्हटलं, "मला काही दिसलं नाही."

मी त्याला ओळखलं होतं. मार्चमध्ये तोच आमचा बॉयलर दुरुस्त करून गेला होता. काकूंनी त्याला चहाबरोबर शंकरपाळे दिले होते आणि वर डबा भरून घरी नेऊ दिले होते. त्याला आमचं घर माहीत होतं. शिवाय माझा कायम राहायचा परवाना चार महिन्यांवर आला होता, कोर्टकचेरीत नाव नको होतं. काकू खाटेवरून एका डोळ्याने माझ्याकडे बघत राहिल्या.

ऑक्टोबरमध्ये बॉयलर पुन्हा बंद पडला. "त्याच मुलाला बोलाव गं," काकू म्हणाल्या. "हात चांगला आहे त्याचा."

मी फोन हातात घेऊन उभी राहिले. "काकू, वीट त्यानेच मारली."

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "तू पाहिलंस एवढं मला ठाऊक होतं. कोण, ते नव्हतं." मला रडू फुटलं. त्यांनी जवळ घेतलं नाही. "रडणं नंतर. आधी कोट घाल." त्याच दुपारी आम्ही पोलिस स्टेशनला गेलो.

त्याने सगळं नाकारलं, म्हणून मला कोर्टात उभं राहावं लागलं. तो माझ्याकडे बघत असताना मी बोलले. त्याला शिक्षा झाली. मग त्याने वकिलामार्फत माफी मागितली आणि काकूंच्या पक्षातली मोठी माणसं घरी आली. त्यांचं म्हणणं, काकूंनी कॅमेऱ्यासमोर एकदा 'त्याला माफ केलं' असं म्हणावं, शहर शांत होईल. काकूंनी त्यांना चहा दिला. "वीट त्या मुलीला मारली होती," त्या म्हणाल्या. "मला मध्येच लागली. माफ करायचं तर तिने करायचं. आणि आठ वर्षांच्या पोरीला जाऊन हे कुणी विचारायचं नाही." पेपरांनी त्यांना कठोर म्हटलं. एका सकाळी बादलीत मेलेला उंदीर निघाला, गळ्याला साखळीसारखी पिवळी दोरी बांधलेला. मे महिन्यात काकू स्वतःच्याच वॉर्डात हरल्या. जिंकलेल्याशी हात मिळवून घरी आल्या आणि दुपारपर्यंत झोपल्या.

कौन्सिलच्या इमारतीत माजी मेयरांची चित्रं लावतात. चित्रकाराने भलेपणाने काकूंचे दोन्ही डोळे शाबूत काढले. काकूंनी चित्र परत पाठवलं. "माझा एक फोडलाय. तो फुटलेलाच काढा." दुसरं चित्र यायच्या आत, फेब्रुवारीत, त्या गेल्या. सकाळी कणीक मळता मळता.

यंदा त्याच इमारतीत मी नागरिकत्वाची शपथ घेतली. कार्यक्रम संपल्यावर त्या चित्रासमोर उभी राहिले. डावी पापणी मिटलेली, आत ओढलेली. शपथ देणाऱ्या बाई शेजारी येऊन थांबल्या. नवीन होत्या, चांगल्या होत्या.

"बिचारी," त्या हळूच म्हणाल्या. "काही ॲक्सिडेंट झाला होता का यांना?"

"नाही," मी म्हटलं. "वीट मारली होती. मी तिथे होते. मी पाहिलं."