सासऱ्यांच्या कीबोर्डची घंटी

मी जुने कीबोर्ड गोळा करतो, हे कळल्यावर लोक आधी माझ्याकडे आणि मग माझ्या बायकोकडे सहानुभूतीने बघतात. अमरावतीत घरी बसून मी एका कंपनीचं सॉफ्टवेअर सांभाळतो. दिवसभर लॅपटॉपच्या चपट्या बटणांवर बोटं आपटतो आणि सुटीच्या दिवशी भंगाराच्या दुकानात जाऊन आणखी बटणं शोधतो. बायको याला दुखणं म्हणते. माहेरी मात्र ‘यांना इलेक्ट्रॉनिक्सची आवड आहे’ असं सांगते.

तिचं माहेर अकोल्याचं. सासुरवाडी अकोल्याला असण्याचा मोठा फायदा म्हणजे तिथलं भंगार. गेल्या उन्हाळ्यात तिथे मला पंख्याच्या पात्यांखाली दबलेला एक कीबोर्ड सापडला. पिवळट, पाट्यासारखा जड, प्रत्येक बटणाखाली खरीखुरी स्प्रिंग. दाबलं की खटकन वाजायचा.

“सायेब, याचा कॉम्प्युटर तं कवाचाच मेला,” दुकानदार म्हणाला. “याले नेऊन काय करता?”

“धुतो.”

त्याने तराजूवर ठेवून तो मला देऊन टाकला.

मी खरोखरच धुतला. बटणं काढून साबणाच्या पाण्यात भिजवली आणि गच्चीवर कुरडयांच्या शेजारी कापडावर वाळत घातली. शेजारच्या काकूंनी कठड्यावरून बराच वेळ निरखून पाहिलं आणि बायकोला विचारलं, “हे कोणत्या साच्यातले व पोरी?” त्यानंतर दोन दिवस घरात माझ्याशी कामापुरतंच बोलणं झालं.

हा कीबोर्ड सासऱ्यांना द्यायचा, ही कल्पना मात्र तिचीच. सासरे अकोल्याच्या कोर्टाबाहेर टाइपरायटर घेऊन बसायचे. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, नोटिसा, सगळं मराठीतून, नजर समोरच्या पक्षकारावर आणि बोटं आपली चालूच. टाइपरायटरचे सुटे भाग मिळेनासे झाले तेव्हा ते घरी बसले. मेहुण्याने त्यांना मोबाइल घेऊन दिला. त्यावर मराठी कसं लिहायचं तेही दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मोबाइल परत केला. “बोटं देवानं दहा देल्ली,” ते म्हणाले, “अन् काम एकट्या अंगठ्यालेच?” त्यानंतर ते टीव्हीसमोर बसत. तो चालू आहे की बंद, याच्याशी त्यांना फारसं कर्तव्य नसे.

मी कीबोर्डला नवी वायर लावली, टाइपरायटरवर होती त्याच जागी मराठी अक्षरं चिकटवली आणि मेहुण्याच्या जुन्या लॅपटॉपला तो जोडून सासऱ्यांपुढे ठेवला. त्यांनी बनियनवर सदरा चढवला, खुर्ची पुढे ओढली आणि भिंतीकडे बघत टाइप करायला लागले. पडद्यावर शुद्ध मराठी उमटत होतं. बायकोने डोळ्यांना पदर लावला. मी मनातल्या मनात सत्कार स्वीकारत होतो.

तेवढ्यात ते थांबले.

“जावईबापू, याची घंटी कुठी हाये?”

“घंटी?”

“ओय संपत आली की घंटी वाजते. त्याबिगर मानसाले कसं समजन, कुठी थांबाचं थे?”

संगणक ओळ आपोआप बदलतो, हे मी समजावून सांगितलं. मी त्यांच्या घरात पादत्राणं घालून शिरल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कीबोर्ड अमरावतीला परत आणला. गजराच्या एका मोडक्या घड्याळाची घंटी काढून त्याच्या पोटात बसवली आणि ठरावीक अक्षरं झाली की तिच्यावर बारीक ठोका पडेल अशी सोय केली. इतकं मन लावून मी नोकरीतलं कोणतंही काम केलेलं नाही.

मी कीबोर्ड पुन्हा अकोल्याला नेला, मेहुण्याने लॅपटॉपला प्रिंटर जोडून दिला. आता सासरे आठवणी लिहितील, असं घरात सगळ्यांनी धरून चाललं होतं. त्यांनी पहिला अर्ज महानगरपालिकेला केला, तुंबलेल्या नालीबद्दल. दुसरा वीज कार्यालयाला. तिसरा दर्यापूरच्या बसबद्दल एसटीला. दर्यापूरला आमचं कोणीही राहत नाही. मी भीतभीत आठवणींचा विषय काढला.

“आठवनी कोनाले द्याच्या?” ते म्हणाले. “अर्जाले आवक नंबर तरी भेटते.”

हळूहळू गल्लीतले लोक यायला लागले. घर सकाळपासून खटखटायचं, मधूनमधून घंटी. मेहुण्याला घरात कोर्ट भरल्यासारखं वाटे. पण सासरे जेवायला लागले होते, भाजीला नावं ठेवायला लागले होते, म्हणून कोणी काही बोलत नव्हतं.

बोलले ते शेजारचे निवृत्त मास्तर. एका रविवारी मी तिथेच असताना ते आले आणि संकोचून दारातच उभे राहिले.

“आवाजाबद्दल एक अर्ज द्याचा होता,” ते म्हणाले. “दुपारी डोया लागत नाही.”

“कोनाच्या इरुद्ध?” सासऱ्यांनी विचारलं.

“तुमच्याच. पन तुमच्यासारखा अर्ज अकोल्यात दुसरं कोन लिहिते?”

मी चहा आणायच्या निमित्ताने उठायचं ठरवत होतो. सासऱ्यांचा चेहरा मात्र उजळला होता. त्यांनी मास्तरांना बसवलं, तक्रार ऐकून घेतली आणि टाइप करायला लागले. ‘सदर गैरअर्जदार हा वेळी-अवेळी घंटी वाजवून परिसराची शांतता भंग करीत असून’ हे वाक्य त्यांनी मोठ्याने वाचून दाखवलं. मास्तरांनी मान डोलावली. वृद्धांच्या प्रकृतीवर होणाऱ्या परिणामांचा मुद्दा मास्तरांना सुचला नव्हता, तो सासऱ्यांनी स्वतःहून घातला. छापलेल्या अर्जावर मास्तरांची सही झाल्यावर सासऱ्यांनी पडद्यावर नवं पान उघडलं आणि गैरअर्जदाराचं उत्तर टाइप केलं. तेही मास्तरांना आवडलं.

मी बटणांखाली रबराच्या चकत्या बसवून आवाज कमी करून देतो म्हणालो. दोघांनी एकदमच माझ्याकडे पाहिलं.

“मुकं करता काय त्याले?” हे सासरे नाही, मास्तर म्हणाले.

शेवटी दोघांनी आपसात करारनामा केला: जेवणापासून चारच्या चहापर्यंत टंकलेखन बंद. साक्षीदार म्हणून माझी सही घेतली. त्याच आठवड्यात, भर दुपारी, सासऱ्यांची झोपमोड करून मास्तरांनी दार वाजवलं. नळाला गढूळ पाणी आलं होतं आणि त्यांना अर्ज तातडीने द्यायचा होता.