चढावरचा काटा

दादा गेल्यापासून त्याची जुनी पिकअप मी चालवतो. चढ लागला की तापमानाचा काटा लाल रेघेपर्यंत जातो आणि जरा वेळाने आपसूक खाली येतो. तेवढा वेळ जीव थाऱ्यावर नसतो. इंजिन गेलं तर गाडी भंगारात जाईल, आणि दादाचं म्हणावं असं माझ्याकडे दुसरं काही नाही.

आज वहिनी शेजारी होत्या. काटा चढताच त्यांनी हात पुढे करून हीटर लावला. भर उन्हात गरम वारा तोंडावर आला.

"हे असंच करायचे. म्हणायचे, इंजिनाची धग थोडी आपण घ्यावी. मी म्हणायचे, आधी मला पापडासारखी भाजा."

गॅरेजवाल्याने तपासून सांगितलं, "इंजिन ठणठणीत आहे, सर. थर्मोस्टॅट अडकतोय. पाण्याची वाट उशिरा उघडतो, एवढंच."

उशिरा. दादा गेला तेव्हा घर रडत होतं आणि मी आलेल्यांच्या चपला ओळीने लावत होतो.

नवा थर्मोस्टॅट बसवून परतताना काटा मध्यावरच राहिला. माझी नजर मात्र तिथून हलेना. चढ लागला तसा वहिनींचा हात सवयीने हीटरकडे गेला.

गरम वारा आतच राहावा म्हणून मी माझ्या बाजूची काच वर केली.